ध्वनिसंग्रहाचे स्थलांतर : नाद, नाव आणि ताळा

ग्रंथांचा संग्रह एका घरातून दुसऱ्या घरी न्यायचा झाला तर आपण पेट्या बांधतो, पेट्यांवर क्रमांक घालतो आणि नव्या घरी पोहोचल्यावर पुस्तके मोजून घेतो. एखादे पुस्तक हरवले तर फळीवर रिकामी जागा दिसते. संगणकातील गाण्यांचा संग्रह नव्या संगणकावर नेताना मात्र ही रिकामी जागा दिसत नाही. हरवलेले गाणे आपण होऊन काही सांगत नाही. दोन वर्षांनी कोणी ते मागितले म्हणजेच ते नाही हे कळते. तोवर जुना संगणक भंगारात गेलेला असतो.

हा प्रश्न आज अनेक घरांपुढे आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि त्यामुळे कित्येकांनी जुने संगणक बदलले. त्या संगणकांत कोणाच्या वडिलांनी कॅसेटींवरून उतरवून घेतलेले गायन आहे, कोणाच्या आजोबांनी रेडिओवरून टिपलेल्या मैफली आहेत. असा संग्रह सुरक्षितपणे कसा हलवावा, त्यात कोठे चुकण्याचा संभव असतो आणि त्यामागील शास्त्र काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे मुख्यतः आमच्या इंदूरची घेतली आहेत. परंतु ज्या गायकांची नावे येतील त्यांपैकी अनेकांचे मूळ कर्नाटकात आहे, म्हणून या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांनाही हा विषय परका वाटू नये.

१. संग्रह म्हणजे नेमके काय?

‘गाणी कॉपी केली की झाले’ अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः संगणकातील ध्वनिसंग्रहाचे चार थर असतात. पहिला थर प्रत्यक्ष ध्वनीचा : स्वर ज्या अंकांत साठवला ते अंक. दुसरा थर फाइलच्या पोटातच लिहिलेल्या माहितीचा. गायक, राग, वर्ष इत्यादी सांगणारी ही चिठ्ठी, तिला टॅग म्हणतात. तिसरा थर फाइलचे नाव आणि ती कोणत्या फोल्डरात आहे तो पत्ता. चौथा थर गाणी वाजविणाऱ्या कार्यक्रमाने स्वतःपुरती ठेवलेली सूची. आपण केलेल्या याद्या म्हणजे प्लेलिस्ट, कोणते गाणे किती वेळा ऐकले, संग्रहात केव्हा आले, ही माहिती बहुधा येथे असते, गाण्याच्या फाइलीत नसते.

फाइली उचलून नेल्या तर पहिले दोन थर बरोबर येतात. तिसरा येतो परंतु वाटेत बिघडू शकतो. चौथा बहुधा मागेच राहतो. स्थलांतरातील बहुतेक हानी तिसऱ्या व चौथ्या थरात होते आणि पहिल्या थरातील हानी क्वचित होत असली तरी ती भरून येत नाही. हे वर्गीकरण ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सर्व विवेचन सोपे होईल.

२. नाव आणि नाद यांचे नाते

ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या काळात नाव आणि नाद एकमेकांपासून तुटू नयेत याची काळजी मोठ्या युक्तीने घेतली जाई. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. गाणे संपताच गौहर जान स्वतःचे नाव उच्चारीत. यात केवळ मिरवण्याचा भाग नव्हता. त्या काळी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे ओळखून लेबल लावावयाचे असे. १९०८ मध्ये सियालदह येथे कारखाना निघेपर्यंत हीच व्यवस्था होती. गाण्याच्या पोटात सांगितलेले ते नाव म्हणजे आजच्या टॅगचा पूर्वजच म्हटले पाहिजे. याशिवाय तबकडीच्या मध्यभागाजवळ मॅट्रिक्स क्रमांक उमटवलेला असे. लेबल फाटले तरी त्या क्रमांकावरून तबकडीची ओळख पटते.

इंदूर-महू मार्गावरील पिगडंबर येथे सुमन चौरसिया यांनी ग्रामोफोन तबकड्यांचे संग्रहालय उभे केले आहे. २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकर यांचे नाव त्याला दिले आहे. तेथील हजारो तबकड्या एका जागेहून दुसऱ्या जागी हलविल्या तर तबकडी फुटण्याची भीती असते. परंतु फुटली नाही तर ती कोणाची हा प्रश्न निर्माण होत नाही. संगणकातील संग्रहाचे उलट आहे. फाइल फुटत नाही, पण ‘ट्रॅक ०१’ एवढेच नाव उरले तर ती असून नसल्यासारखी होते.

उस्ताद अमीर खाँ यांचे उदाहरण घ्या. त्यांचे वडील शाहमीर खाँ हे होळकर दरबारच्या आश्रयास असलेले सारंगिये. अमीर खाँ इंदुरात वाढले आणि त्यांच्या गायकीला पुढे इंदूर घराणे हे नाव मिळाले. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यास मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. १९६० मधील मारवा व दरबारी या रागांची लाँग-प्ले सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या हयातीत व्यापारी रीतीने प्रसिद्ध झालेले गायन त्यांच्या एकूण गायनाच्या मानाने फार थोडे आहे. आज आपण त्यांचे जे गाणे ऐकतो त्यातील पुष्कळसा भाग आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणांतून आणि रसिकांनी खाजगी मैफलींत केलेल्या मुद्रणांतून टिकला आहे. म्हणजे एखाद्या घरातील एखादी फाइल ही त्या मैफलीची एकमेव प्रतही असू शकते. अशा फाइलीवरील गाव, तारीख, साथीदार ही टिपणे गेली तर अभ्यासकाच्या दृष्टीने ती निम्मी गेली.

३. आकारमानाचे गणित

आता प्रत्यक्ष गणिताकडे वळू. समजा, एक मराठी कुटुंब राजवाडा-रामबाग भागातील जुने घर सोडून विजय नगरात राहावयास आले आहे. घरी नव्वद मिनिटांच्या ४०० कॅसेटी होत्या, त्या सर्व संगणकात उतरविल्या आणि नंतर जागेअभावी टाकून दिल्या. एकूण ध्वनी ४०० × १.५ = ६०० तास.

सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतात. माणसाच्या कानाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात आणि कोणतीही कंप्रता अचूक पकडावयाची तर तिच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावे लागतात, म्हणून हा आकडा. प्रत्येक नमुन्यास १६ बिट म्हणजे २ बाइट, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. अर्थात

४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट दर सेकंदास.

सहाशे तासांचे २१,६०,००० सेकंद होतात. गुणाकार केला तर सुमारे ३८१ गिगाबाइट जागा लागेल. हेच गायन एमपी३ पद्धतीने १२८ किलोबिट वेगाने साठविले तर दर सेकंदास १६,००० बाइट, म्हणजे एकूण ३४.५६ गिगाबाइट. अकरापटीने जागा वाचली. पण ही बचत कानाला कमी जाणवणारे अंश कायमचे काढून टाकून केलेली असते. फ्लॅक नावाची तिसरी पद्धत २००१ पासून प्रचारात आहे. तीत काहीही न गाळता आकार बहुधा निम्म्याच्या आसपास येतो आणि मूळ अंक जसेच्या तसे परत मिळतात.

येथे एक नियम सांगून ठेवणे अवश्य आहे. स्थलांतर करताना रूपांतर करू नये. एमपी३ फाइल उघडून पुन्हा एमपी३ म्हणून साठविली तर आधीच गाळलेल्यातून आणखी गाळले जाते. ताकात पाणी घालून त्याचे दूध होत नाही, तसे एमपी३चे फ्लॅक केल्याने गेलेला अंशही परत येत नाही. केवळ जागा वाढते.

प्रत करण्यास किती वेळ लागेल? जुन्या यूएसबी २.० जोडणीतून प्रत्यक्षात दर सेकंदास ३० मेगाबाइट जातात असे धरले तर ३८१ गिगाबाइटसाठी १२,७०० सेकंद, म्हणजे साडेतीन तास. उलट, कॅसेटी शिल्लक असत्या तरी त्या पुन्हा उतरवावयास ६०० तास लागले असते. रोज आठ तास बसले तर ७५ दिवस. साडेतीन तासांच्या कामात घाई केल्याने काय पणाला लागते ते या दोन आकड्यांवरून कळावे.

आणखी एक मर्यादा. अनेक जुन्या पेन ड्राइव्हांवर व बाहेरच्या डिस्कांवर फॅट३२ नावाची मांडणी असते. तीत एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. सीडीच्या दर्जाची फाइल पावणेसात तासांची झाली तरच ही मर्यादा ओलांडते, त्यामुळे सहसा अडचण येत नाही. पण एखाद्याने मैफल सेकंदास ९६,००० नमुने आणि २४ बिट या उच्च दर्जाने उतरविली असेल तर दर सेकंदास ५,७६,००० बाइट लागतात आणि दोन तास चार मिनिटांतच मर्यादा गाठली जाते. रात्रभराच्या मैफलीची अखंड फाइल तेथे मावणार नाही. अशा वेळी डिस्कची मांडणी एक्सफॅट असावी. मात्र मांडणी बदलताना डिस्कवरील सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून हे काम रिकाम्या डिस्कवरच करावे.

४. देवनागरी नावांचा घोळ

इंग्रजी पुस्तकांत ज्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो अशा अडचणी आपल्या लिपीत उद्भवतात. त्यांचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे.

(अ) टॅगची लांबी. एमपी३ फाइलींना १९९६ मध्ये जोडण्यात आलेला पहिला टॅग अवघ्या १२८ बाइटांचा होता. त्यात गायकाच्या नावास ३० बाइट. रोमन लिपीत एका अक्षरास एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास आणि प्रत्येक मात्रेस तीन बाइट लागतात. कन्नड लिपीचेही तसेच. आता ‘भीमसेन जोशी’ हे नाव मोजा. भ, ी, म, स, े, न हे सहा. ज, ो, श, ी हे चार. दहा चिन्हांचे ३० बाइट आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक. एकूण ३१. केवळ एका बाइटाने नाव बाहेर पडते आणि शेवटची वेलांटी तुटून ‘भीमसेन जोश’ उरते. गदगला जन्मलेल्या, मराठी अभंग आणि कन्नड दासांची पदे सारख्याच तन्मयतेने गाणाऱ्या या गायकाचे नाव कित्येक यंत्रांवर असे अर्धवट का दिसते, त्याचे हे कारण असू शकते. उपाय असा की स्थलांतरापूर्वी टॅग नव्या, म्हणजे आयडी३च्या दुसऱ्या आवृत्तीत लिहून घ्यावेत. तीत लांबीची ही अट नाही.

(आ) जुने फाँट. युनिकोडचा सर्वत्र प्रसार होण्यापूर्वी आपण जे मराठी फाँट वापरीत होतो त्यांत अक्षर रोमनच साठविले जाई आणि फाँट त्यावर देवनागरी आकार चढवी. अशा काळात लिहिलेली नावे नव्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपाने दिसतात. ती पुसू नयेत. योग्य परिवर्तक वापरल्यास त्यांतून मूळ नाव परत मिळविता येते.

(इ) विसर्ग की अपूर्णविराम? मराठी टंकलेखनात विसर्गाच्या जागी अपूर्णविराम देण्याची सवय जुनी आहे. ‘प्रातःकालीन राग’ असे फोल्डरचे नाव खऱ्या विसर्गाने लिहिले असेल तर काहीच अडचण नाही. पण ते अपूर्णविरामाने लिहिले असेल तर लिनक्सवर चालते आणि विंडोजवर चालत नाही. कारण तेथे अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, उभी रेघ इत्यादी चिन्हे फाइलनावात निषिद्ध आहेत. परिणामी एका चिन्हापायी संपूर्ण फोल्डर मागे राहू शकतो.

(ई) एकच शब्द, तीन लेखने. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्य हा मराठीचा खास विशेष. संगणकात तो तीन प्रकारे लिहिता येतो : ऱ हे एकच चिन्ह वापरून; र आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हे वापरून; किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखी. यंत्राला तीन वेगळी नावे. मॅक संगणकांच्या २०१७ पूर्वीच्या मांडणीत तर पहिल्या प्रकारचे नाव साठविताना आपोआप दुसऱ्या प्रकारात फोडले जाई. त्यामुळे ‘दुसऱ्या दिवसाची मैफल’ ही फाइल समोर दिसत असूनही यादीतून ती सापडत नाही, असा चमत्कार घडतो. कन्नडातील दीर्घ ईकार व ओकार यांची चिन्हेही अशीच फोडून किंवा जोडून लिहिता येतात, हे कन्नड वाचकांनी लक्षात घ्यावे.

(उ) आडनावांची गफलत. नावाचा शेवटचा शब्द आडनाव मानून क्रम लावण्याची पद्धत पाश्चात्त्य आहे. तिच्या हाती आपला संग्रह दिला तर बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व आणि कुमार गंधर्व हे चौघे एका कुळातले होतात. प्रत्यक्षात पहिले नारायण श्रीपाद राजहंस, दुसरे कुंदगोळचे रामभाऊ, तिसरे सौदागर गोरे आणि चौथे बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. ‘गंधर्व’ ही रसिकांनी दिलेली पदवी आहे. त्याचप्रमाणे ‘पं. कुमार गंधर्व’, ‘कुमार गंधर्व’, ‘कुमारजी’ अशी तीन नावे पडली तर एका गायकाचे तीन होतात. १९४८ पासून देवासला, म्हणजे आमच्या विजय नगराहून पुढे जाणाऱ्या वाटेवरच, राहिलेल्या या एका माणसाचे संगणकात मात्र तीन पत्ते असतात. ग्रंथपाल यासाठी प्रमाण नामसूची ठेवतात. आपणही एका वहीत प्रत्येक गायकाचे एकच प्रमाण रूप ठरवून ठेवावे. आपोआप टॅग भरणाऱ्या यंत्रणांवर अवलंबून राहू नये. उस्ताद अमीर खाँ आणि चित्रपटनट आमिर खान यांतील भेद त्यांना कळेलच याची खात्री नसते.

५. याद्या आणि पत्ते

प्लेलिस्ट म्हणजे गाण्यांची पिशवी नव्हे. ती पत्त्यांची वही आहे. एम३यू प्रकारची यादी उघडून पाहिली तर तीत केवळ ‘डी या डिस्कवरील संगीत या फोल्डरातील अमुक फाइल’ अशा ओळी आढळतात. नव्या संगणकावर तीच डिस्क ‘ई’ झाली की वहीतले सर्व पत्ते एकदम खोटे ठरतात. गाणी आहेत, यादी आहे, पण भेट होत नाही. आपले उदाहरणातील कुटुंब रामबागेतून स्कीम क्रमांक ५४ मध्ये आले आणि पत्रे मात्र जुन्याच घरी जात राहिली, तसे हे होते.

याला तीन उपाय आहेत. पहिला, नव्या संगणकावर डिस्कचे अक्षर व फोल्डरांची रचना पूर्वीसारखीच ठेवणे. हा सर्वांत सोपा. दुसरा, यादीत निरपेक्ष पत्त्याऐवजी सापेक्ष पत्ता ठेवणे. म्हणजे ‘या यादीच्या शेजारच्या फोल्डरातील फाइल’ असे लिहिणे. शेजारी दोघे मिळून घर बदलतात तेव्हा शेजार मोडत नाही. तिसरा, यादी ही साधी मजकुराची फाइल असल्याने तीत ‘डी’च्या जागी ‘ई’ असा एकगठ्ठा बदल करणे. आयट्यून्ससारख्या कार्यक्रमांत ठिकठिकाणी विखुरलेल्या फाइली एका फोल्डरात गोळा करण्याची सोय असते. ती स्थलांतरापूर्वी वापरावी आणि त्या कार्यक्रमाची सूचीची फाइलही गाण्यांबरोबर न्यावी.

६. ताळा

गुणाकार केल्यावर त्याचा ताळा पाहावयास आपण प्राथमिक शाळेत शिकलो. २३ × १४ = ३२२. तेविसाच्या अंकांची बेरीज ५, चौदाची ५. पाच पंचे पंचवीस, त्याची बेरीज ७. उत्तराच्या अंकांची बेरीज ३ + २ + २ = ७. ताळा जुळला. परंतु उत्तर चुकून २३२ लिहिले असते तरीही बेरीज ७च आली असती! म्हणजे हा ताळा उपयोगी आहे, पण अंकांची अदलाबदल त्याला ओळखता येत नाही.

संगणकातील फाइलचाही असाच ताळा काढता येतो. फाइल म्हणजे शेवटी एक प्रचंड संख्याच. तिच्यावर ठराविक क्रिया करून एक छोटी खूण काढतात. एमडी५ पद्धतीत ती ३२ अंकांची आणि एसएचए-२५६ पद्धतीत ६४ अंकांची असते. शाळेतील ताळ्यात जो दोष होता तो येथे राहिलेला नाही. फाइलमधील एक बिट बदलला किंवा दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी संपूर्ण खूण पालटते. केवळ फाइलींची संख्या आणि आकार जुळणे पुरेसे नाही. ५० मेगाबाइटची फाइल प्रत करताना मध्येच बिघडली तरी तिचा आकार ५० मेगाबाइटच राहू शकतो आणि बिघाड कळतो तो ऐन विलंबितात कर्कश खरखर ऐकू आल्यावर.

म्हणून जुन्या संगणकावर सर्व फाइलींच्या खुणांची यादी करावी, प्रत झाल्यावर नव्या संगणकावर पुन्हा खुणा काढाव्यात आणि दोन याद्या जुळवाव्यात. हे काम हाताने करावे लागत नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत त्यासाठी तयार आज्ञा आहेत. फ्लॅक फाइलीत तर मूळ ध्वनीची एमडी५ खूण आतच साठविलेली असते. तपासणीचा कार्यक्रम चालविला की फाइल स्वतःच स्वतःचा ताळा देते. मात्र क्रम सांभाळावा. टॅग बदलला की फाइलची बाहेरची खूण बदलते. यास्तव टॅग आणि नावे आधी दुरुस्त करावीत, मग खुणा काढाव्यात, मग प्रत करावी. किंवा जसेच्या तसे हलवून, ताळा जुळल्यावरच दुरुस्तीस हात घालावा. दोन्ही कामे एकत्र केली तर फरक दुरुस्तीचा की बिघाडाचा हे सांगता येणार नाही.

७. प्रत्यक्ष कामाचा क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम निघतो.

(१) संग्रह मोजावा : फाइली किती, एकूण आकार किती, कोणत्या प्रकारच्या किती. हे आकडे कागदावर लिहावेत.
(२) एका बाहेरच्या डिस्कवर संपूर्ण प्रत काढून ती बाजूला ठेवावी. पुढे काहीही बिघडले तरी येथवर परत येता येईल.
(३) विखुरलेल्या फाइली एका फोल्डरात आणाव्यात. निषिद्ध चिन्हे काढावीत. अतिलांब नावे आखूड करावीत, कारण विंडोजवरील अनेक कार्यक्रम २६० चिन्हांपलीकडचा पत्ता वाचू शकत नाहीत.
(४) याद्या वेगळ्या फाइलींत काढून घ्याव्यात.
(५) खुणांची यादी करावी.
(६) फाइली नव्या संगणकावर ‘प्रत’ कराव्यात. ‘कापून चिकटवू’ नयेत. कापण्यात जुनी प्रत राहत नाही. विंडोजमधील रोबोकॉपी किंवा लिनक्सवरील आरसिंक हे कार्यक्रम मध्येच वीज गेली तरी राहिलेल्या फाइलींपासून पुढे सुरू करता येतात.
(७) ताळा जुळवावा. न जुळणाऱ्या फाइली पुन्हा आणाव्यात.
(८) दहा-वीस फाइली निवडून त्यांचा आरंभ, मध्य आणि शेवट ऐकावा. बडा ख्याल आणि छोटा ख्याल दोन फाइलींत असतील तर त्यांचा क्रम व सांधा तपासावा.
(९) किमान एक महिना जुनी डिस्क पुसू नये.

८. जे हलविता येत नाही

सर्वच संगीत आपले नसते. २००३ ते २००९ या काळात आयट्यून्सच्या दुकानातून विकल्या गेलेल्या अनेक गाण्यांना कुलूप असे आणि ती पाच संगणकांपुरतीच उघडत. अशा संग्रहाच्या धन्याने जुना संगणक टाकण्यापूर्वी त्याची परवानगी रद्द करून घेणे इष्ट. मासिक वर्गणी भरून ऐकण्याच्या सेवांतून ‘उतरवून घेतलेली’ गाणी तर वर्गणी चालू असेतोवरच वाजतात; त्या फाइली उचलून नेल्या तरी इतरत्र उघडत नाहीत. तेथे फक्त आपली यादी नेता येते.

मोठ्या संस्था हे काम आपल्यापेक्षा चांगले करतील असेही गृहीत धरू नये. मायस्पेस या एकेकाळच्या प्रसिद्ध संकेतस्थळाने मार्च २०१९ मध्ये कबूल केले की, यंत्रे बदलताना २०१५ पर्यंत सभासदांनी चढविलेले संगीत नष्ट झाले. ही गाणी ५ कोटींच्या घरात असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात त्यांपैकी सुमारे ४ लाख ९० हजार गाणी पुन्हा उपलब्ध झाली. ती संस्थेकडून नव्हे, तर काही अभ्यासकांनी आपल्या कामासाठी पूर्वी प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून. दुसरी प्रत दुसऱ्या हाती असण्याचे मोल यावरून कळते. जाणकार तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक वेगळ्या जागी, असा नियम सांगतात. विजय नगरातील कुटुंबाला तो सहज पाळता येईल : एक प्रत संगणकात, एक घरातील बाहेरच्या डिस्कवर आणि एक पुण्याच्या किंवा धारवाडच्या नातलगाकडे.

९. समारोप

आपली संगीतविद्या गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात, म्हणजे एका जागेतून दुसऱ्या जागेतच, जात आली आहे. तेथेही शिष्याने बंदिश परत म्हणून दाखवावी आणि गुरूने ती तपासावी हा प्रघात होता. त्याशिवाय बंदिश ‘मिळाली’ असे मानत नसत. संगणकाच्या बाबतीत तपासण्याचे काम आपले आहे. ज्या घरात कॅसेटी, टेप वा जुन्या फाइली असतील तेथील विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत निदान एवढे करावे : घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून एकेक फाइल वाजवावी, कोण गात आहे, कोठे, कोणत्या साली, तबल्यावर कोण, हे विचारावे आणि लिहून ठेवावे. डिस्क नवीन विकत मिळते. ही माहिती मात्र ज्यांना आहे ते आपल्यात आहेत तोवरच मिळते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सेकंदास ४८,००० नमुने, २४ बिट व दोन वाहिन्या अशा दर्जाच्या एका तासाच्या मुद्रणास किती जागा लागेल?
२. आपल्या आवडत्या गायकाचे नाव देवनागरीत लिहून त्याचे यूटीएफ-८ पद्धतीने किती बाइट होतात ते काढा. ते ३० बाइटांत मावते काय?
३. १७ × २६ या गुणाकाराचे उत्तर व ताळा काढा. ताळा जुळेल असे एक चुकीचे उत्तर शोधा.
४. घरातील एका प्लेलिस्टची फाइल मजकुराच्या रूपात उघडून तीतील पत्ते निरपेक्ष आहेत की सापेक्ष ते ठरवा.